एकच कपडा, पुन्हा पुन्हा: स्वतःचं फॅशन लेबल सुरू करणाऱ्यांसाठी

फॅशन डिझाइनचा कोर्स संपवून बाहेर पडलेल्या बहुतेक मुलामुलींचं पहिलं स्वप्न 'कलेक्शन'चं असतं. बारा-पंधरा वेगवेगळे कपडे, एक थीम, एक फोटोशूट, एक प्रदर्शन. कॉलेजात गुण कल्पनेला मिळतात, त्यामुळे ही सवय लागणं साहजिक आहे. बाजारात मात्र तोच कुर्ता, त्याच मापात, तशाच फिनिशिंगने पुन्हा देता आला तरच घर चालतं. एखादीने मार्चमध्ये तुमच्याकडून एम साइझ घेतला, आवडला म्हणून ऑगस्टमध्ये दुसऱ्या रंगात मागवला आणि तो छातीत दोन इंच सैल निघाला, तर ती तिसऱ्यांदा येत नाही. माझ्या मते नव्या लेबलचा खरा कस या दुसऱ्या ऑर्डरला लागतो. पुढचं सगळं त्या ऑर्डरची तयारी म्हणून वाचा.

उदाहरण म्हणून पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात घरच्या एका खोलीतून बायकांचे सुती कुर्ते करणारं लेबल धरू. तुम्ही शर्ट करत असाल किंवा लहान मुलांचे कपडे, आकडे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

कोणासाठी

'सगळ्यांसाठी' हे उत्तर चालणार नाही. बँकेत किंवा शाळेत नोकरी करणारी, पस्तिशी ओलांडलेली, रोज स्कूटरने जाणारी बाई, इतकं नेमकं ठरवलं की निम्मे निर्णय आपोआप होतात. तिला खिसा हवा, बाही कोपरापर्यंत हवी, वाऱ्याने उडणारा घेर नको, इस्त्री कमी लागणारं कापड हवं. अशा वीसेक जणींना प्रत्यक्ष भेटा. "माझा कुर्ता आवडला का?" असं विचारलंत तर ओळखीतली माणसं हो म्हणतील. त्याऐवजी शेवटचे तीन कुर्ते कुठून घेतले, कितीला घेतले आणि त्यातला कोणता आता घालत नाही, का घालत नाही, हे विचारा. मुंढ्यात काचतो, धुतल्यावर आटला, गळा वाकल्यावर उघडा पडतो, ही उत्तरं म्हणजे तुमच्या पहिल्या कपड्याचा आराखडा.

त्याच भेटीत मापंही घ्या: छाती, कंबर, सीट, खांदा, दंड, उंची. दंड विसरू नका. तयार कुर्ते परत येण्याचं ते एक मोठं कारण असतं. बरीच नवी लेबलं एल साइझला थांबतात. तीन एक्सएलपर्यंत नीट बसणारा कपडा दिलात तर ती गिऱ्हाइकं सहसा दुसरीकडे जात नाहीत, कारण त्यांना कुठे धड मिळतच नाही.

पॅटर्न

चांगलं कापड कापण्याआधी मांजरपाटावर, म्हणजे स्वस्त, साध्या सुती कापडावर, नमुना करा. तो बसला की खऱ्या कापडात सॅम्पल शिवा आणि तुमच्या ठरवलेल्या गिऱ्हाइकांपैकी कुणाला तरी ते आठवडाभर रोजच्या वापरात घालायला लावा. स्कूटर, जिना, स्वयंपाक, धुणं, सगळं होऊ द्या. मग परत घ्या, मोजा, पॅटर्न दुरुस्त करा. दोन-तीन फेऱ्या होतातच, आणि त्यावर खर्च केलेला पैसा वाया जात नाही.

पॅटर्न पक्का झाला की तो जाड कार्डावर कापून घ्या आणि प्रत्येक तुकड्यावर साइझ, तारीख, कापडाची दिशा आणि शिवणीची माया किती धरली ते लिहा. सोबत एक पानी टेक पॅक करा: पुढचं-मागचं रेखाटन, तयार कपड्याची मापं, टाक्याची लांबी, कुठे फ्यूजिंग (कडकपणासाठी आतून चिकटवायचं कापड), कुठे ओव्हरलॉक (कडा उसवू नये म्हणून घातलेली शिवण), बटण कोणतं, लेबल कुठे. शिवणाऱ्या मास्टरला तोंडी सांगितलेलं पुढच्या महिन्यात तुम्हालाच आठवत नाही. तो कागद असला की दुसऱ्या कारागिराकडेही तोच कुर्ता निघतो.

ग्रेडिंग, म्हणजे एम वरून बाकीची मापं काढणं, जमत नसेल तर अनुभवी पॅटर्न मास्टरला पैसे देऊन करून घ्या. प्रत्येक भागात सरसकट एक इंच वाढवून ग्रेडिंग होत नाही. छाती वाढते त्या प्रमाणात खांदा वाढत नाही आणि गळा तर फारच कमी वाढतो.

कापड

मुंबईत मंगलदास मार्केट, मुळजी जेठा मार्केट आणि दादरचं हिंदमाता, पुण्यात रविवार पेठ, लेस-बटणांसाठी भुलेश्वर, ही ठिकाणं तुम्हाला बहुधा माहीत असतील. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी ही आपल्याकडची यंत्रमागाची मोठी गावं आहेत आणि तिथून थेट घेतलं तर भाव उतरतो, पण ताक्यांच्या (कापडाच्या अख्ख्या गुंडाळ्यांच्या) हिशेबात घ्यावं लागतं. सुरुवातीला तेवढा माल उचलू नका. मीटरमागे तीस रुपये वाचवण्यासाठी चार ताके घेऊन ते कपाटात पडून राहिले तर वाचलेले पैसे कापडातच अडकतात.

दुकानदाराला पाच गोष्टी विचारा: पन्हा (कापडाची रुंदी) किती, सूत काय, एकाच डाय लॉटचं (एकाच वेळी रंगवलेलं) किती मीटर आहे, हेच पुन्हा मिळेल का, आणि मिळालं तर किती दिवसांत. चौथ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर ते कापड मर्यादित नगांसाठी ठेवा, तुमच्या मुख्य कुर्त्यासाठी घेऊ नका.

घरी आल्यावर 50 बाय 50 सेंटिमीटरचा चौकोन कापडावर आखा, गिऱ्हाईक धुईल तसं धुवा, वाळवा आणि पुन्हा मोजा. 48 भरला तर कापड 4 टक्के आटतं. 44 इंच उंचीच्या कुर्त्यात ते जवळपास पावणेदोन इंच होतात. असं कापड आधी पाण्यातून काढूनच कापायचं. रंगासाठी ओलं पांढरं फडकं घेऊन कापडावर घासा. नीळ आणि गडद लाल यांच्याबाबतीत हे टाळू नका, आणि थोडा रंग जाणारच असेल तर ते लेबलवर स्पष्ट लिहा.

महाराष्ट्रात काम करताना खण, पैठणी, करवतकाठी यांचा मोह होतो, आणि व्हावाच. पण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा मूळ खण चोळीसाठी विणला जायचा, त्यामुळे त्याचा पन्हा अरुंद असतो. त्याचा पूर्ण कुर्ता काढायचा तर पॅटर्नच त्या पन्ह्यासाठी बेतावा लागतो, नाही तर योक (खांद्याजवळचा जोडतुकडा), बाहीची पट्टी, खिसा इथे तो वापरावा. बाजारात यंत्रमागावरचं पॉलिस्टर खण म्हणून सर्रास मिळतं. ते वापरायला हरकत नाही, पण हातमाग म्हणून विकू नका. पैठणीचं तर भौगोलिक मानांकन आहे. पैठणीची नक्षी छापलेल्या कापडाला पैठणी म्हणणं ही येवला-पैठणच्या विणकरांच्या कमाईवर आलेली गदा आहे, आणि तुम्ही त्यात नसावं असं मला मनापासून वाटतं.

शिवणारे हात

सुरुवातीला मशिनं घेऊन कारागीर पगारावर ठेवण्याची घाई नको. आधी जॉबवर्कवर, म्हणजे नगावारी मजुरीने बाहेर शिवायला, द्या, पण दोन ठिकाणी. एकाच मास्टरवर विसंबलात तर तो दिवाळीत किंवा ईदला गावी गेला की तुमचा हंगाम बुडतो. सॅम्पलची मजुरी नेहमीपेक्षा जास्त द्यावी लागते, तिथे घासाघीस करू नका. नगावारी दर ठरवताना कटिंग, शिलाई, काज-बटण, दोरे कापणं आणि इस्त्री यातलं काय धरलं आहे ते वेगवेगळं लिहा. भांडणं नेमकी दोरे कापण्यावरून आणि इस्त्रीवरून होतात.

पहिली बॅच 24 नगांची पुरे. एक डिझाइन, दोन रंग, प्रत्येक रंगात एस, एम, एल, एक्सएल 2-4-4-2 अशा प्रमाणात. गिऱ्हाइकाच्या मापांवरून हे प्रमाण बदला. आपल्या उदाहरणातल्या बाईसाठी ते एल आणि एक्सएलकडे झुकेल. पहिले तीन नग शिवून झाले की उरलेलं काम थांबवून ते टेक पॅकशी मोजून बघा. चोविसाव्या नगानंतर चूक कळून उपयोग नसतो.

मजुरी वेळेवर द्या. कारागिरांमध्ये कोण पैसे कधी देतो याची बातमी लगेच पसरते आणि गर्दीच्या दिवसांत त्यावरूनच तुमचं काम आधी हातात घेतलं जातं. तुमच्याकडचा शिंपी स्वतंत्र काम करणारा असेल तर त्याला पीएम विश्वकर्मा योजनेची माहिती द्या. 2023 साली सुरू झालेल्या या योजनेतल्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे, आणि त्यात अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत व स्वस्त व्याजाचं कर्ज मिळतं.

किंमत: इथे घाई करू नका

बहुतेक लेबलं डिझाइनमुळे मरत नाहीत, चुकीच्या किमतीमुळे मरतात. आपला कुर्ता मांडून बघू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

कापड अडीच मीटर, 220 रुपये दराने 550. अस्तर 80. आटणं आणि वाया जाणारं कापड 50. शिलाई 350. कटिंग, दोरे, इस्त्री 60. बटण, दोरा, लेबल 45. पिशवी आणि खोकं 40. एकूण 1,175 रुपये. इथेच थांबून "दुप्पट करू, 2,350 ला विकू" असं म्हणणारे खूप आहेत.

आता महिन्याचा ठरलेला खर्च. तुमचा स्वतःचा पगार 20,000. हा धरायचाच, आईवडिलांच्या घरी राहत असलात तरी. खोली आणि वीज 8,000. फोटो, फोन, प्रवास, हिशेबनीस 8,000. एकूण 36,000. महिन्याला 60 कुर्ते विकले जात असतील तर नगामागे 600 रुपये. म्हणजे कुर्त्याचा खरा खर्च 1,775.

करापूर्वीची किंमत 2,500 ठेवली आणि तुम्ही थेट विकलात तर 725 उरतात. त्यातून कुरिअर, ऑनलाइन पेमेंटचं शुल्क आणि परत आलेले नग भागवायचे. ठीक आहे. पण हाच कुर्ता एखाद्या बुटीकमध्ये 35 टक्के कमिशनवर ठेवला, तर 875 कमिशनमध्ये जातात, हातात 1,625 येतात आणि प्रत्येक नगामागे 150 रुपये तोटा होतो. दुकानात कुर्ते भराभर संपत असतात, सगळे कौतुक करत असतात, आणि खात्यातले पैसे कमी होत जातात. हे गणित माल दुकानात देण्याआधी करायचं.

यातून वाटा आहेत. महिन्याला 120 नग गेले तर ठरलेला खर्च नगामागे 300 वर येतो, आणि बुटीकमधूनही 150 रुपये सुटतात. किंवा अस्तर लागणारच नाही असं कापड निवडा. किंवा दुकानांसाठी वेगळा, वरच्या किमतीचा कपडा करा.

वरच्या किमतीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्यांवर नगाला 2,500 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यापुढे 18 टक्के जीएसटी आहे. 2,500 चा कुर्ता गिऱ्हाइकाला 2,625 ला पडतो. तोच 2,600 ला लावलात तर 3,068. तुम्हाला शंभर रुपये जास्त मिळावेत म्हणून तिला 443 जास्त मोजावे लागतात. म्हणून 2,500 आणि साधारण 3,200 यांच्या मधली किंमत टाळा. एक तर खालीच राहा, नाही तर कपड्यात तेवढं काम घालून नीट वर जा.

किंमत ठरली की ती पोस्टमध्ये लिहा. "किमतीसाठी मेसेज करा" या पद्धतीने गिऱ्हाईक संकोचतं, आणि तुमचा अर्धा दिवस तीच उत्तरं देण्यात जातो.

विक्री आणि हंगाम

पहिले शंभर कपडे ओळखीतून, सोसायटीतून, छोट्या प्रदर्शनांतून जातात. प्रदर्शनाचा स्टॉल घेताना भाडं भागिले नगामागचा नफा, इतके कुर्ते तिथे विकले जातील का, एवढाच प्रश्न विचारा. नगामागे 725 सुटत असतील आणि स्टॉल 15,000 चा असेल तर 21 कुर्ते विकल्यावर भाडं निघतं, जाण्यायेण्याचा खर्च वेगळाच.

महाराष्ट्राचं वर्ष मात्र डिझायनरच्या बाजूने आहे. पाडवा, मंगळागौर, गणपती, नवरात्रीचे नऊ रंग, दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई आणि संक्रांत. संक्रांतीला काळं घालायची आपली रीत तर लहान लेबलसाठी मोठी संधी आहे, कारण एकाच रंगाची मागणी आधीच ठाऊक असते. 14 जानेवारीपासून उलटं मोजा. गिऱ्हाईक डिसेंबरच्या मध्यावर शोधायला लागतं, म्हणून फोटो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, माल नोव्हेंबरअखेर तयार, आणि मध्ये दिवाळीत कारागीर गावी, म्हणजे कापड ऑक्टोबरच्या सुरुवातीला घरात हवं. हे वेळापत्रक भिंतीवर लावा.

ऑनलाइन विकताना फोटो दिवसाच्या उजेडात काढा: पुढून, मागून, कापड जवळून, आणि घालणारीची उंची व तिने घातलेला साइझ लिहून. शरीराची मापं आणि तयार कपड्याची मापं दोन्ही द्या. परत आलेल्या प्रत्येक नगाचं कारण वहीत नोंदवा. तीन नग एकाच कारणाने परत आले तर दोष पॅटर्नमध्ये शोधा.

बुटीकमध्ये माल ठेवताना नगांची सहीची यादी, कमिशन, पैसे देण्याची तारीख, न विकलेला माल परत घेण्याची तारीख आणि खराब झालेल्या नगाची जबाबदारी, एवढं लिहून घ्या. ओळखीचं दुकान असेल तर अधिकच.

कागदपत्रं

एकट्याने सुरू करताना प्रोप्रायटरशिप पुरते. चालू खातं पहिल्याच दिवशी वेगळं करा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत आहे, तिच्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते.

राज्यातल्या राज्यात माल विकत असाल तर 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पण बेळगावच्या किंवा इंदूरच्या गिऱ्हाइकाला पार्सल पाठवलंत की ती आंतरराज्य विक्री होते आणि नोंदणीचा प्रश्न लगेच उभा राहतो. इन्स्टाग्रामवर विकणाऱ्याने हे सुरुवातीलाच हिशेबनीसाशी बोलून घ्यावं.

उद्यम नोंदणीचा फायदा पैसे अडकल्यावर कळतो. तुमचा माल विकत घेणाऱ्याने लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावेत असा लहान उद्योगांसाठीचा 2006 चा कायदा आहे, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन करता येते. बिलावर उद्यम क्रमांक छापा. पुष्कळदा तेवढ्यानेच पैसे येतात.

नावाचा ट्रेडमार्क कपड्यांसाठी वर्ग 25 मध्ये होतो. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गासाठी 4,500 रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षं चालते. लेबलं छापून घेण्याआधी ते नाव आधीच कुणाचं आहे का, हे ट्रेडमार्कच्या सरकारी शोध पोर्टलवर तपासा.

कापडावरची प्रिंट स्वतः काढणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. ज्या डिझाइनची नोंदणी डिझाइन कायद्याखाली होऊ शकते पण केलेली नाही, त्यावरचा कॉपीराइट ते पन्नासपेक्षा जास्त वेळा औद्योगिक पद्धतीने छापलं गेलं की संपतो. आणि नोंदणीसाठी डिझाइन आधी प्रसिद्ध झालेलं नसावं लागतं. म्हणजे जी प्रिंट वर्षानुवर्षं वापरायची आहे तिचा अर्ज आधी, फोटो नंतर. व्यक्तीसाठी हे शुल्क 1,000 रुपये आहे, आणि संरक्षण दहा वर्षांचं, पुढे पाच वर्षं वाढवता येणारं.

पैसा आणि वाढ

पहिल्या दोन-तीन बॅच स्वतःच्या बचतीतून आणि आगाऊ घेतलेल्या ऑर्डरमधून निघाल्या तर उत्तम. प्रत्येक विक्रीतून कापडाचे आणि मजुरीचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढा. ते तुमचे नाहीत, पुढच्या बॅचचे आहेत.

मशिनं घेण्याची वेळ आली की मुद्रा कर्ज पाहा: शिशू गटात 50,000 पर्यंत, किशोरमध्ये 5 लाख, तरुणमध्ये 10 लाख, तारणाशिवाय. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून 15 ते 35 टक्के अनुदान मिळू शकतं, पण ते नव्या युनिटसाठी असतं. म्हणून आधी मशिनं घेऊन मग चौकशी करू नका. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन प्रकल्प अहवाल दाखवा, मंजुरी मिळू द्या, मग खरेदी.

दुसरा कपडा कधी आणायचा? पहिल्याच्या किमान दोन बॅच संपल्या आणि जुनी गिऱ्हाइकं परत येऊ लागली की. तो पहिल्याशी जुळणारा असावा, म्हणजे त्याच कुर्त्यावर जाणारी पँट किंवा जाकीट. पहिली मदतनीस ठेवायची ती शिलाईला नव्हे, पॅकिंग आणि गिऱ्हाइकांच्या उत्तरांना, कारण डिझायनरचा वेळ तिथेच सर्वाधिक जातो.

फॅशन शोचं आकर्षण मी नाकारत नाही. लॅक्मे फॅशन वीकच्या जेननेक्स्टसारख्या उपक्रमाने नवोदितांना खरोखर दार उघडलं आहे. डिझायनर राहुल मिश्रा 2006 साली त्या मंचावर आले, 2014 मध्ये त्यांना वूलमार्क पुरस्कार मिळाला आणि 2020 मध्ये पॅरिसच्या ओत कुतूर (हाताने घडवलेल्या उंची कपड्यांच्या) आठवड्यात त्यांचं काम दिसलं. मध्ये चौदा वर्षं गेली, आणि ती विणकर-कारागिरांबरोबर एकच धागा धरून काम करण्यात गेली. अर्ज करा, पण शोनंतर येणाऱ्या ऑर्डरी ठरलेल्या तारखेला पुरवता येतील इतकी शिलाईची व्यवस्था आधी असू द्या.

परदेशातल्या मराठी मंडळांकडून गणपती-दिवाळीला चांगली मागणी येते. त्यासाठी आयात-निर्यात कोड काढा. लहान पार्सलांसाठी पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं आहेत. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली शुल्कमाफी ऑगस्ट 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळे तिथलं शुल्क कोण भरणार हे ऑर्डर घेतानाच लेखी ठरवा, आणि गणपतीसाठीचा माल जूनमध्ये तयार ठेवा.